उंबरगे सरांच्या पानावर आपले सहर्ष स्वागत

उंबरगे सर वेबसाइट काढणार आहेत, ही बातमी कॉलनीत पसरली तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता. कशाची?

लातुरात हा प्रश्न गैर नाही. या गावात माणूस जे काही काढतो ते कशाचं तरी असतं. क्लास काढला तर केमिस्ट्रीचा असतो, मेस काढली तर मुलींची असते, आणि कोणी नुसतंच काही काढलं तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. कॉलनीचे सचिव रविकांत बोळेगावे यांनी सकाळी गेटवरच सरांना गाठलं.

"सर, धंदा कोणता टाकायलात?"

"धंदा नाही. माझी वेबसाइट आहे."

"तुमची म्हंजे?"

"माझी म्हणजे माझी. माझ्याविषयी."

रविकांतांनी सरांकडे वरून खाली पाहिलं. अंगात बंडी, कमरेला लुंगी, हातात दुधाची पिशवी. या माणसाविषयी जगाला सांगण्यासारखं नेमकं काय असेल, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटला. सरांना तो वाचता आला आणि लागलाही. पण दूध नासेल म्हणून ते घराकडे वळले.

खरं तर सरांची ही हौस नवी नव्हती. रामलिंग उंबरगे यांची गंजगोलाईजवळ एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. औसा, निलंगा, चाकूर, कुठकुठली पोरं तिथं येऊन खडखडाट करून गेली आणि पुढे साहेबलोकांची पत्रं टाइप करत निवृत्त झाली. मराठीची मशीन नेहमी कमी पडायची. त्यामुळे सरांची मुलगी शिल्पा शाळा सुटल्यावर इंग्रजीच्या रिकाम्या मशीनवर बसायची आणि बोटं मात्र मराठीची चालवायची. कागदावर इंग्रजी अक्षरांची खिचडी पडायची. ती दुसऱ्या कोणाला कळत नसे. सर मात्र कागद समोर धरून टेबलावर बोटं चालवायचे आणि बोटांनीच तो वाचायचे. आईबद्दलच्या सगळ्या तक्रारी या मार्गानं दाखल होत. शांतम्माबाई, म्हणजे तिची आई, तोच कागद हातात घेऊन शेजारणींना दाखवायच्या, "बघा, आमची पोरगी इंग्रजी छापायली."

पुढं कॉम्प्युटर आले. सरांनी मशीन काढून कॉम्प्युटर बसवले आणि एक जाड पुस्तक आणून वेब पान कसं लिहायचं ते शिकले. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि येताना असा आरडाओरडा करायचं की खाली दुकानात कापड फाडणारा माणूससुद्धा हात थांबवून वर बघायचा. सरांनी कुठल्याशा फुकट जागा देणाऱ्या कंपनीकडे आपलं एक पान मांडलं. पान गर्द निळं, अक्षरं पिवळी. वर "सुस्वागतम्" उजवीकडून डावीकडे सरकत जायचं. दोन्ही कडांना समया तेवत असायच्या. खाली एक छोटा माणूस सारखा फावडं मारायचा आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, "काम चालू आहे." ते काम कधीच संपलं नाही.

पानावर काय होतं म्हणाल, तर सरांचा परिचय होता. आवडत्या टाइपरायटरांची वर्णनं होती. सरांच्या लुना मोपेडचा फोटो होता. शांतम्माबाईंची शेंगदाण्याची चटणी होती. "माझे काही विचार" असा एक विभाग होता, त्यात विचार कमी आणि टिंबं जास्त होती. आणि तळाशी दोन गोष्टी होत्या, ज्यांच्यावर सरांचा जीव होता. एक, किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. दोन, अभिप्रायाचं पान. त्या पानावर कोण कुठला माणूस येऊन दोन ओळी लिहून जायचा. मस्कतहून एकानं विचारलं होतं, हिमायतनगरच्या स्टँडसमोरचा भजेवाला अजून आहे का. सरांना हिमायतनगरही नीट माहीत नव्हतं आणि भजेवालाही. पण त्यांनी नांदेडच्या एका जुन्या विद्यार्थ्यामार्फत चौकशी करवली आणि रीतसर उत्तर लिहिलं, "आहे. मिरच्या पूर्वीसारख्याच तिखट आहेत असे समजते." त्यावर मस्कतवाल्यानं नुसतं "धन्यवाद, बरं वाटलं" एवढंच लिहिलं होतं. सर ते महिनाभर लोकांना सांगत होते.

मग फुकट जागा देणाऱ्यांनी एक दिवस दुकान आवरलं. समया, लुना, मस्कतवाला, फावडंवाला, सगळं गेलं. तोवर लोक दुसरीकडे गेले होते, जिथं पान मांडावं लागत नाही, नुसता अंगठा दाखवला तरी भागतं. इन्स्टिट्यूटही बंद झाली.

आता इतक्या वर्षांनी सरांना ते पुन्हा का मांडावंसं वाटलं? कॉलनीला त्यांनी सांगितलं, "सहज." तुम्हाला म्हणून खरं सांगतो. शिल्पा आता नेदरलँड्समध्ये आहे, तिच्या गावाचं नाव सरांना अजून म्हणता येत नाही. पूर्वी तिचा फोन आला की सर म्हणायचे, "थांब हं, आईला देतो." बाप म्हणून जन्मभरात त्यांनी मुलीशी फोनवर केलेलं हे सगळ्यांत लांब संभाषण. शांतम्माबाई गेल्या आणि फोन द्यायला कोणी उरलं नाही. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"पाऊस?"

"आहे इथं. तिकडं?"

"ऊन."

मग दोघंही पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्या चेहऱ्याकडे बघत बसतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "ठेवू?" आणि दुसरं लगेच म्हणतं, "हो हो." फोन ठेवल्यावर सरांना सांगायच्या पुष्कळ गोष्टी आठवतात. घर एवढं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी सर दचकून "कोण?" म्हणतात. अशाच एका रविवारी त्यांच्या मनात आलं, आपण पान मांडून ठेवावं. बोलायचं ओझं नको. तिला फुरसत मिळेल तेव्हा ती येईल, हिंडेल, वाटलं तर दोन ओळी लिहील. पूर्वी अनोळखी माणसं यायची, मग आपली पोरगी का येणार नाही?

एवढंच होतं. पण कॉलनीत राहणाऱ्या माणसाला एवढंच असं काही करता येत नाही.

पहिला सल्ला मृत्युंजयनं दिला. हा समोरच्या घरातला जावई, पुण्याच्या कंपनीचं काम इथं सासुरवाडीत बसून करतो, त्यामुळे कॉलनीच्या सगळ्या प्रिंटरांची जबाबदारी त्याच्यावर आहे.

"काका, दहा मिनिटांचं काम हाय. तयार टेम्प्लेट घ्या, नाव टाका, झालं."

"टेम्प्लेट नको. हातानं करायचंय."

"हातानं म्हंजे?"

"हातानं म्हणजे हातानं. एकेक अक्षर."

बाहेर पडल्यावर मृत्युंजय रविकांतांना बाजूला घेऊन म्हणाला, "काकांकडं अधूनमधून चक्कर मारत जा."

पण सर हातानंच बसले. बोटं जुनी असली तरी शिस्तीची होती. निळा रंग तोच सापडला, पिवळाही सापडला. सुस्वागतम् सरकायला लागलं त्या दुपारी सरांनी एकट्यानंच टाळी वाजवली. समया जुन्या तेवत्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांनी देवघरातल्या समईचाच फोटो काढून दोन्हीकडे डकवला. तिच्या मागं चुकून गॅसचा सिलिंडर आला होता, पण तेवढं चालतं.

अडचण आली ती इंटरनेटवर पानाचं नाव नोंदवताना. नोंदणीच्या पानावर आधी एक परीक्षा होती, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्याची. जन्मभर यंत्रांवर पोरांना शिकवलेल्या गुरुजींना एका यंत्रानं हे विचारावं, याचा सरांना राग आला. तरी ते परीक्षेला बसले. चित्रांत रस्ते ओलांडायचे पांढरे पट्टे कुठं आहेत ते दाखवा, असा प्रश्न होता. सरांनी लातूरच्या अनुभवावरून ज्या पट्ट्यांवर रिक्षा उभी असेल ते शोधले. रिक्षा कुठंच नव्हती. सर नापास झाले. मग मोटारसायकली दाखवा म्हणाले, सरांनी त्यात एक मोपेडही धरली, लुना असलेल्या माणसानं दुसरं काय करावं? पुन्हा नापास. अर्ध्या दिवसानंतर यंत्रानं त्यांना माणूस म्हणून मान्य केलं, पण बहुधा कंटाळून.

त्यानंतर ओळख पटवण्यासाठी त्या नोंदणीवाल्यांच्या एका मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "सर, उजेडात या." सर व्हरांड्यात गेले. "कॅमेऱ्याकडं बघा. आता डोळ्यांची उघडझाप करा. अजून. जोरात." सर जोरात उघडझाप करत होते आणि मोबाइलच्या पलीकडं, कंपाउंडच्या भिंतीपाशी, सरजाबाई कपडे वाळत घालत होत्या. सरजाबाई या पापड करणाऱ्या शेजारीण, वयानं सरांपेक्षा मोठ्या. त्यांनी हातातलं लुगडं तसंच ठेवलं.

"काय झालं वो सर? डोळ्यात काय गेलं काय?"

सर मान हलवायला गेले तर मोबाइलमधली मुलगी ओरडली, "सर, मान हलवू नका, पहिल्यापासून करावं लागेल." म्हणून सर मान न हलवता, हूं का चूं न करता, सरजाबाईंच्या दिशेनं डोळे मिचकावत राहिले. सरजाबाई धावत गुलाबपाणी घेऊन आल्या आणि ओळख पटायच्या आत ते सरांच्या डोळ्यांत पडलं. नंतर सगळा खुलासा झाला. सरजाबाई म्हणाल्या, "असं व्हय! मंग त्याच्यात माझ्या पापडाचं बी टाका की. जागा लई हाय म्हणत्येत तितं."

डोळ्यांत गुलाबपाणी असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. पापड पानावर गेले.

पापड गेल्याचं कळताच रविकांत आले. त्यांना "अध्यक्षीय मनोगत" टाकायचं होतं. ते सचिव आहेत याची सरांनी नम्रपणे आठवण दिली. "अध्यक्षाला लिहिता येत न्हाई, मनोगत माझंच असतंय," ते म्हणाले. मग कार्यकारिणीचा फोटो आला. एका घरातल्या आजोबांची श्रद्धांजली आली. आणि सगळ्यांच्या आग्रहानं पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक आलं, ते सगळ्यांत वर. सरांचा परिचय खाली सरकत सरकत इतका खाली गेला की स्वतःपर्यंत पोचायला सरांनाच बराच वेळ बोट घासावं लागे. चटणी त्याच्याही खाली होती. फावडंवाला माणूस मात्र सरांनी कोणाला हलवू दिला नाही.

"आता लोकार्पण पाहिजे," रविकांत म्हणाले.

"वेबसाइटचं लोकार्पण नसतं हो."

"काहून नसतंय? आपण बोअरचं केलं, गेटचं केलं, हायमास्ट दिव्याचं तर दोनदा केलं. तुमचं काय वाईट हाय?"

रस्त्यावर फ्लेक्स लावायच्या परवानगीसाठी सरांना महापालिकेच्या एका खिडकीवर पाठवण्यात आलं. खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचला. "संकेतस्थळाचं लोकार्पण. जागा तुमच्या मालकीची हाय का?"

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "नाही, भाड्याची आहे."

"मंग मालकाचं ना-हरकत जोडा."

"मालक अमेरिकेत असतात."

"मंग हितल्या कोणाच्या नावानं मुखत्यारपत्र. आन सातबारा."

सरांनी ती जागा जमिनीवर नसते, हवेत असते असं समजावून सांगितलं. खिडकीतला माणूस गंभीर झाला. हवेतल्या बांधकामाची खिडकी दुसरी होती, आणि तिथला माणूस रजेवर होता.

परवानगी मिळाली नाही, पण फ्लेक्स छापून आलं होतं. रस्त्यावर लावता येईना म्हणून ते सरांच्याच हॉलमध्ये लावलं, भिंतभर. त्यावर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा टेबलाएवढा होता, रविकांतांचा ताटाएवढा, कार्यकारिणीचे वाट्यांएवढे आणि सरांचा उजव्या कोपऱ्यात, बटणाएवढा. त्या संध्याकाळी सर फ्लेक्ससमोर एकटेच जेवायला बसले. एवढी माणसं त्या घरात शांतम्माबाईंच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच आली होती. सरांनी नकळत टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

समारंभ सरांच्या दारात मंडप घालून थाटात झाला, म्हणजे उशिरा झाला. फीत कुठं बांधायची यावर आधी वाद झाला आणि शेवटी ती सरांच्या लॅपटॉपला पार्सलसारखी बांधण्यात आली. पाहुण्यांनी कात्री चालवली. सरजाबाईंनी पुढं होऊन लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि कोणी अडवायच्या आत मूठभर अक्षता टाकल्या.

"आजी, कीबोर्ड!" मृत्युंजय ओरडला.

"आसू दे की. वास्तू म्हणलं की अक्षता पडल्याच पाह्यजेत."

त्या गडबडीत मंडपवाल्यानं वायर ओढली आणि इंटरनेट गेलं. मग मृत्युंजयच्या मोबाइलवर पान उघडलं आणि तो मोबाइल प्रसादासारखा हातोहात फिरला. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"छान. याला लाइक कुठून करायचं?"

"तशी सोय नाही यात," सर म्हणाले.

"शेअर?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"वाचायचं."

पाहुण्यांनी सरांचा खांदा थोपटला, दुःखाच्या घरी थोपटतात तसा.

सरांनी मग माइक हातात घेऊन सगळ्यांना एकच विनंती केली, की खाली अभिप्रायाचं पान आहे, त्यावर प्रत्येकानं दोन ओळी लिहाव्यात. लोकांनी माना डोलावल्या. आणि या कॉलनीत आजवर झालेल्या प्रत्येक उद्घाटनाला जे झालं तेच झालं. रविकांतांनी दाराशी टेबल टाकलं, त्यावर जाड रजिस्टर ठेवलं, पेनला दोरी बांधली आणि झाडून सगळ्यांनी जाताना त्यात अभिप्राय लिहिले. "उपक्रम स्तुत्य." "सरांना उदंड आयुष्य लाभो." "जिलेबी छान होती." एकानं तर आपल्या मुलाची सीईटीची टक्केवारी लिहिली. वेबसाइटवरचं पान कोरंच राहिलं. रविकांतांनी ते रजिस्टर सरांच्या हातात दिलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढा आनंदी होता की सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यांनी शिल्पाला पानाचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "सवडीनं बघ."

पुढचे दिवस सर रोज सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे. भेट देणाऱ्यांचा आकडा हलायचा, पण सरांनी पान उघडलं की तो एकानं वाढायचा, हे त्यांना माहीत होतं. आपल्याच दाराची कडी वाजवून आपणच आत पळत जायचं, तसं ते होतं. म्हणून त्यांनी पान उघडणं बंद केलं. दुपारी राहवेना म्हणून पुन्हा उघडलं. असं दिवसातून किती वेळा व्हायचं कोण जाणे, त्यामुळे आकड्यातले आपले किती आणि परक्यांचे किती हा हिशोबच राहिला नाही. बहुधा सगळे आपलेच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. अभिप्राय एकही आला नव्हता.

लोक फोन मात्र करायचे. "सर, तुमच्या वेबसाइटवर टँकर कवा येणार लिवलंय, ते जरा बघून सांगा की." सर बघून सांगायचे. मग विचारायचे, "तुम्ही उघडलंत का पान?" तिकडून उत्तर यायचं, "तुम्ही हायत की सांगायला." तरी फोन आला की सरांना बरंच वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

रविवारी शिल्पाचा फोन यायचा.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवले. तुमचं पान बघते हं, जरा काम आहे सध्या."

"बघ बघ. घाई नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा "बघते". त्याच्या पुढच्या रविवारी तिनं विषयच काढला नाही आणि सरांनीही काढला नाही. टायपिंगची पोरं नापास झाली तरी सर त्यांना कधी "अभ्यास का नाही केलास" असं विचारत नसत. पोरीला तरी कसं विचारायचं, की तू माझ्याकडे का येत नाहीस? फोन ठेवल्यावर ते फ्लेक्सकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, त्या फावडंवाल्याला आता रजा द्यावी. उगाच कोणासाठी राबतोय बिचारा? मंगळवारी पान काढून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर रविकांतांचा मजकूर आला. "सावधान!! उंबरगे सरांची वेबसाइट हॅक झाली आहे. कोणीही उघडू नये." उघडू नये म्हटल्याबरोबर झाडून सगळ्यांनी उघडली. लोकार्पणाला जे साधलं नव्हतं ते हॅकरनं साधलं. आकडा सरांच्या डोळ्यांदेखत पळत सुटला. रविकांत आणि मृत्युंजय चपला दाराशी टाकून आत आले.

"अभिप्रायाच्या पानावर हाय सर, बघा. टँकर बघायला म्हणून उघडलं आन हे दिसलं. भाषा हाय का काय हाय ही? रशियन वाटायली."

"रशियन नाही," मृत्युंजय म्हणाला. "पण काहीतरी कोड आहे काका. असलं ठेवू नका. मी काढून टाकू का?"

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. अभिप्रायाच्या पानावर, नाव नाही गाव नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी पडली होती. पहिली ओळ अशी:

ckck eyk bFka djer ukgh

सर बघत राहिले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, आपोआप, वर्गात ठेवायचे तसे. डाव्या हाताचं मधलं बोट खालच्या ओळीत उतरलं. ब. उजव्याचं मधलं बोट जागच्या जागी दाबलं गेलं. काना. पुन्हा तेच डावं बोट, पुन्हा तेच उजवं. बाबा.

सरांची बोटं टेबलावर चालू लागली. रविकांतांनी मृत्युंजयकडे पाहिलं. मृत्युंजयनं नुसतीच मान हलवली.

बाबा मला इथं करमत नाही. फोनवर तुमचा चेहरा दिसला की मला काही बोलताच येत नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून जेवले म्हणते. तुमचं पान मी पहिल्या दिवसापासून रोज उघडते, ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये. बघते बघते म्हणाले कारण बघितलं म्हटलं असतं तर रडू आलं असतं. समईमागचा सिलिंडर ओळखला. आईची चटणी सारखी वाचते. काल करून पाहिली, तिच्यासारखी झाली नाही. जिरं किती घालायचं ते लिहिलेलं नाही.

बोटं थांबली. फ्रिज सुरू झाला, पण सर दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकानं पुसला आणि तो घालायचं विसरून तसाच हातात धरून बसले.

"काय हाय सर?" रविकांतांनी हळूच विचारलं. "हॅकरच हाय ना?"

"हॅकरच आहे."

"मग काढू ना?" मृत्युंजयनं हात पुढं केला.

"नको," सर म्हणाले. "राहू द्या. लई लांबून आलाय."

दोघांना वाटेला लावून सरांनी दाराला कडी घातली आणि उत्तर लिहायला बसले. इंग्रजी अक्षरांवर मराठीची बोटं ठेवली. पण कीबोर्डमध्ये सरजाबाईंची एक अक्षत बरोबर काना असलेल्या बटणाखाली जाऊन बसली होती. बटण दबेना. कान्याशिवाय मराठीत बापसुद्धा धड लिहिता येत नाही. सरांनी शांतम्माबाईंच्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि श्वास रोखून तो तांदळाचा दाणा बाहेर काढला. हळदीनं पिवळा झालेला होता. तो टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून समईपाशी ठेवला. मग त्यांनी लिहिलं. जिरं आई कधी मोजत नसे, चिमटीत येईल तेवढं घालायची, तुझी चिमूट तिच्याएवढीच आहे. मलाही इथं करमत नाही. मीही रविवारी जेवलो म्हणतो, त्यातलं निम्म्या वेळा खोटं असतं. उद्या पुन्हा ये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर रविकांतांचा नवा मजकूर आला. "अतिसावधान!! सरांच्या वेबसाइटवर आता दोन हॅकर झाले आहेत. कालपासून एकमेकांशी बोलायलेत."

उंबरगे सरांनी त्या ग्रुपवर आजवर कधी काही टाकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी रविकांतांना अंगठा दाखवला आणि चटणीला शेंगदाणे भाजायला उठले.